रुमाल, कॅसिनो आणि एस्टी स्टँड

"ए, हा काय एस्टी स्टँड आहे का?"

हे वाक्य मी आजवर किमान शंभर वेळा ऐकलं असेल. मल्टिप्लेक्समध्ये, विमानतळावर, कंपनीच्या कँटीनमध्ये. कोणी मित्रासाठी खुर्ची धरली, कोणी पुढच्याला "अजून किती वेळ लागेल हो?" असं विचारलं, की हे वाक्य हजर. म्हणणारा बहुधा आपल्यातलाच असतो. गळ्यात कंपनीचा बिल्ला, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी जो स्वतः एस्टीच्या खिडकीतून दप्तर आत फेकत होता तो. मागच्या महिन्यात हेच वाक्य गोव्यात, मांडवी नदीवरच्या एका कॅसिनोत ऐकलं आणि ठरवलं की या वीकेंडला यावर लिहायचंच.

तर मंडळी, माझं म्हणणं असं आहे की थांबणाऱ्या माणसाशी कसं वागावं या एका बाबतीत अकोल्याचा एस्टी स्टँड मांडवीवरच्या कॅसिनोपेक्षा कितीतरी सुसंस्कृत आहे. गंमत नाही करत आहे. आणि हो, मी अकोल्याचा आहे, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.

आधी कॅसिनोतली परिस्थिती सांगतो, कारण न गेलेल्यांना वाटतं तिथे जेम्स बाँड बसलेला असतो. गोव्यात हे सगळं ज्या कायद्यावर चालतं तो मुळात जुगारबंदीचा कायदा आहे, १९७६ चा. त्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी दिली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने बोटींवर पत्त्यांची टेबलंही आली. म्हणून नदीत बोटी. (आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा केला होता, हे किती जणांना माहीत आहे? तो कधी अमलातच आणला नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं एक कायदा नुसता रुमाल टाकून बसला होता!) २०२० च्या फेब्रुवारीपासून खुद्द गोवेकरांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे. म्हणजे शनिवारी रात्री त्या बोटीवर जी झुंबड असते ती आपली: पुणे, बेळगाव, कोल्हापूर, हैदराबाद... आणि यावेळी आम्ही सहा जण, चार अमरावतीचे आणि दोन अकोल्याचे, सगळे पुण्यात नोकरीला.

मोठी गर्दी टेबलांभोवती. तीन पत्ती, अंदर-बाहर, रूले. मशीनं त्या मानाने थोडी, आणि त्यांच्या खुर्च्या त्याहून महत्त्वाच्या, कारण नवख्या माणसाला टेबलाची भीती वाटते आणि मशीनसमोर कोणी हसत नाही. एकेका खुर्चीमागे दोन-दोन जण ताटकळत उभे. आता या ताटकळण्याचे काही अलिखित नियम आहेत, ते मला आमच्यातल्या एका 'अनुभवी' मित्राने बोटीत चढतानाच शिकवले. कोणाच्या मागे चिकटून उभं राहायचं नाही. त्याच्या स्क्रीनवरची शिल्लक वाचायची नाही. दुसऱ्याच्या मशीनचं बटण गंमत म्हणूनसुद्धा दाबायचं नाही. इथवर मला शंभर टक्के मान्य. एटीएममध्येही आपण हे पाळतो, निदान पाळावं.

पण पुढचे नियम ऐका. मशीनमध्ये कार्ड असेल तर ते मशीन 'घेतलेलं' समजायचं, माणूस असो वा नसो. खुर्चीच्या पाठीला जाकीट असेल तरी तेच. स्क्रीनपुढे मोबाइल ठेवला असेल तरी तेच. एकच माणूस शेजारशेजारची दोन मशीनं खेळत असेल तर तो त्याचा हक्क. आणि सर्वात मोठा नियम: बसलेल्याला किती वेळ लागेल हे कधीही, काहीही झालं तरी विचारायचं नाही. ते म्हणे असभ्य.

आमच्यातल्या एकाने, अस्सल अमरावतीकर, एक खुर्ची रिकामी झालेली दिसताच लांबून रुमाल टाकला. सवय हो. आणि त्यावर आमच्याच अनुभवी मित्राने ते वाक्य म्हटलं. हा काय एस्टी स्टँड आहे का?

नाही, एस्टी स्टँड नव्हता. असता तर बरं झालं असतं.

एस्टीतला रुमाल ही काय चीज होती हे ज्यांनी फक्त विनोदातून ऐकलंय त्यांच्यासाठी सांगतो. अकोला-अमरावती सुमारे शंभर किलोमीटर. मधे मूर्तिजापूर, मग बडनेरा. गाडी फलाटाला लागायच्या आतच खिडक्यांतून रुमाल, दुपट्टे, पिशव्या, वर्तमानपत्रं, एखाद्या वेळी एखादं पोरगंसुद्धा आत जायचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की नुसती झोंबाझोंबी. पण त्या झोंबाझोंबीत कायदा होता, आणि तो सगळ्यांना पाठ होता. एका रुमालाची एक जागा. बायका-मुलं मागून येत असतील तर दोन, पण ती माणसं खरंच फलाटावर दिसली पाहिजेत. कंडक्टरने घंटी मारली आणि रुमालाचा मालक उगवला नाही, तर कोणीतरी रुमाल वर धरून मोठ्याने विचारायचं, "कोनाचा हाय बाप्पा हा?" दोनदा-तीनदा विचारायचं. उत्तर नाही आलं तर रुमाल खिडकीच्या गजाला बांधायचा आणि बसायचं. रुमाल खिशात घालायचा नाही, जागा मात्र घ्यायची. किती सुंदर निवाडा आहे बघा!

आणि पुढचं कलम तर फारच महत्त्वाचं. उभ्या माणसाने बसलेल्याला विचारायचं, "भाऊ, कुठी उतरून रायले?" यात कोणाला अपमान वाटत नसे. "मूर्तिजापूर" म्हटलं की विचारणाऱ्याची जागा पक्की झाली, आता त्याच्या मागच्याने दुसरीकडे विचारायचं. "अमरावती" म्हटलं तर मान हलवून पुढच्या बाकाकडे. तिघांच्या बाकावर "सरकून घ्या न जरा" म्हणून चौथा टेकायचा ते वेगळंच.

(त्या रस्त्याबद्दल बोलायचं तर वर्षानुवर्षं तो इतका खराब होता की मूर्तिजापूर हे ठिकाण नसून पुण्य वाटायचं. मग जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नाव गेलं. आम्ही पंधरा वर्षं ताटकळलो आणि रस्ता पाच दिवसांत झाला. असो.)

आपल्या भाषेत सांगायचं तर एस्टीतला रुमाल हा लॉक होता. पण नीट लिहिलेला लॉक! मालक कोण ते कळतं, टाइमआउट आहे, आणि थांबणाऱ्याला स्थिती विचारायची सोय आहे. कॅसिनोतलं जाकीट हाही लॉकच आहे, पण टाइमआउट नाही, मालक कुठे आहे पत्ता नाही, आणि स्थिती विचारणं हा गुन्हा. असा कोड कोणी माझ्याकडे रिव्ह्यूला पाठवला तर मी काय शेरा मारीन ते इथे लिहिता येणार नाही :-)

कोणी म्हणेल, एस्टीत मामला दोन तासांचा, त्यात काय मोठं. तर त्याहून मोठी रांग सांगतो. महाराष्ट्रात १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षं कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, बाहेर व्यापाऱ्याला नाही. हंगामात खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची ओळ लागायची, रस्त्याच्या कडेने लांबच लांब. माझे बाबा लहानपणी आजोबांबरोबर त्या ओळीत राहिलेले आहेत. हो, 'राहिलेले', कारण नंबर लागायला कधीकधी दोन-तीन दिवस जायचे. गाडीखाली झोपायचं, तिथेच तीन दगडांची चूल. बाबा सांगतात की कोणाला घरी निरोप द्यायला, बैलांना पाणी दाखवायला जायचं असलं की मागच्या गाडीवाल्याला सांगून जायचं, आणि ओळ सरकली की मागचा माणूस आपली गाडी नंतर, आधी पुढच्याची गाडी सरकवायचा. कोणी पाटी लावली नव्हती. वर्षाची कमाई त्या गाडीत असताना माणसं असं वागत होती. मग ग्रेडर आपल्या कापसाला कोणता दर्जा देईल हा जुगार आतमध्ये होताच, पण ओळीत कोणी कोणाला फसवत नव्हतं. फसवलंच तर पुढच्या वर्षी त्याच ओळीत तोंड दाखवायचं होतं.

म्हणून म्हणतो, आम्हाला थांबायचं कसं हे कोणी शिकवू नये. शेगावला एखाद्या गुरुवारी दर्शनाच्या रांगेत उभे राहून पाहा, मग बोलू.

आता खरा प्रश्न. कॅसिनोतला माणूस ती खुर्ची सोडत का नाही? एस्टीतला माणूस सोडतो कारण त्याचं गाव येतं. मशीनला गाव नसतं. तिथे बसलेल्याच्या डोक्यात एक ठाम हिशोब असतो: मी यात इतके पैसे घातलेत, मशीन आता 'तापलंय', आता कधीही देईल, आणि मी उठलो की मागचा हा टपून बसलेला माणूस पहिल्याच बटणाला माझे पैसे घेऊन जाईल. जाकीट, कार्ड, मोबाइल, "विचारू नका", या सगळ्या शिष्टाचाराचा पाया हा एकच समज आहे. आणि तो साफ खोटा आहे.

मशीनच्या आत एक प्रोग्राम यादृच्छिक आकडे तयार करत असतो. कोणी खेळत नसतानाही तो फिरतच असतो, सेकंदाला कितीतरी आकडे. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी जो आकडा सापडतो त्याने निकाल ठरतो. पुढे जी चाकं गरगरतात ती नुसती रोषणाई, निकाल आधीच लागलेला असतो. मागच्या तासात तुम्ही किती घातले हे त्या हिशोबात नसतं. तुमच्या जागी मागचा माणूस बसला असता तरी त्याने बटण नेमकं त्याच क्षणी दाबलं नसतं, त्यामुळे 'माझा जॅकपॉट त्याने नेला' या वाक्याला काही अर्थच नाही. १९८४ साली इंगे टेल्नेस नावाच्या माणसाला अमेरिकेत एक पेटंट मिळालं, ज्यात दिसणारं चाक आणि सॉफ्टवेअरमधलं चाक वेगळं केलं. दिसणाऱ्या चाकावर बावीस जागा असल्या तरी आतल्या चाकावर कितीही असू शकतात, आणि कोणती जागा किती वेळा यावी हे बनवणारा ठरवतो. म्हणून ते 'अरेरे, एका घराने हुकलं!' इतक्या वेळा दिसतं. ते हुकलेलं नसतं. तसं दिसावं अशी मांडणी करता येते, आणि केली जाते.

लगेच आपल्यातला कोणीतरी म्हणेल, "पण सूडो-रँडमला स्टेट असते!" बरोबर. २०१४ साली अमेरिकेत मिझुरी राज्यात रशियाहून आलेले काही लोक सापडले, त्यांनी जुन्या मॉडेलच्या मशीनचा आकड्यांचा क्रम शोधून काढला होता. मोबाइलवर चाकांचं चित्रण करायचं, पलीकडून गणित करून बटण कधी दाबायचं ते कळवायचं. पण ते मशीन 'तापण्याची' वाट पाहत नव्हते, मिलिसेकंद मोजत होते. तुमच्याकडे ती टोळी नसेल तर तुमच्यासाठी मशीनला आठवण नाही. पूर्णविराम.

म्हणजे एस्टीतली जागा खरोखर कोणाची तरी असू शकते, कारण ती तुम्हाला अमरावतीला नेते. मशीनवरची खुर्ची तुमची असण्यासारखं काही नाहीच. तिच्यावर बसून राहण्यात तुमचा शून्य फायदा आहे. मग फायदा कोणाचा? साधा हिशोब करू, आकडे कल्पित आहेत. समजा एका दाबाला २० रुपये, आणि सहा सेकंदाला एक दाब. तासाला ६०० दाब, १२,००० रुपयांची उलाढाल. मशीन शंभरातले आठ ठेवून घेतं असं समजा. म्हणजे सरासरी तासाला ९६० रुपये. हे त्या खुर्चीचं भाडं! जिंकलात हरलात ते त्या रात्रीचं, पण भाडं हे. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात मशीनने किमान ७५ टक्के परत द्यावेत असा नियम आहे, यावरून कमाल भाडं किती असू शकतं ते बघा. आणि "बसलेल्याला उठवू नये" या शिष्टाचाराचा अर्थ होतो "भाडेकरूला त्रास देऊ नये". हा नियम खेळणाऱ्यांनी एकमेकांसाठी बनवला असं आपण समजतो. पण मालकाला याहून सोयीचा नियम पगारी माणूस ठेवूनही लिहिता आला नसता.

त्या रात्री मी ज्या खुर्चीमागे (चार फूट अंतर ठेवून, नियमाप्रमाणे) उभा होतो त्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ होते. बोलण्यावरून आमच्याच भागातले, दर्यापूर-मूर्तिजापूरकडचे असावेत. एकदा ते लघवीला गेले तर सोबतच्याला खुर्चीवर बसवून गेले, "तू इथी बस, उठू नको, म्या आलोच." तो बिचारा हात मांडीवर ठेवून बसला, कारण त्याने बटण दाबलं तर मशीनचा 'सूर' बिघडेल ना. मी बघायला लागल्यापासून तासभर तरी झाला होता. शेवटी न राहवून मी पुढे झालो आणि बसमध्ये विचारतात तसं विचारलं, "काका, अजून किती वेळ?"

माझा अनुभवी मित्र मागून माझा शर्ट ओढत होता. काकांनी वळून पाहिलं. चिडले बिडले अजिबात नाहीत. म्हणाले, "म्या त कवाचा उठतो रे बाप्पा, पन हे सोडून नाई रायलं." मग मला विचारलं, "तुले पायजे का?" मी हो म्हटलं. दोन सेकंद थांबले, कार्ड काढलं, उठले. सोबत्याला म्हणाले, "चाल, जेवून घेऊ."

चार तासांत त्यांच्याशी कोणी बोललंच नव्हतं हे त्या सोबत्याने जाता जाता सांगितलं. आजूबाजूला शंभर माणसं, सगळी सभ्य! तासाभराने काका परत आले आणि दुसऱ्या मशीनवर बसले हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गोष्ट रचलीय. पण तो एक तास त्यांनी वरण-भात खाल्ला, डेकवर वारं खाल्लं. मशीनला ९६० रुपये कमी मिळाले, आणि त्याला कारण एक 'असभ्य' प्रश्न होता.

नताशा डाऊ शूल या मानववंशशास्त्र शिकलेल्या बाईंचं लास व्हेगासमधल्या मशीनवर खेळणाऱ्यांबद्दल २०१२ साली एक पुस्तक आलं. अनेक वर्षं त्या अशा लोकांशी बोलत होत्या. त्यात पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट ही की फार खेळणारी माणसं जिंकण्यासाठी बसत नाहीत, एका गुंगीत राहण्यासाठी बसतात, जिथे वेळ, पैसा, शेजारचा माणूस काही जाणवत नाही. मशीनची खुर्ची, आवाज, वेग, सगळं त्या गुंगीत खंड पडू नये म्हणून घडवलेलं. आता सांगा, जी माणसं अशा गुंगीत आहेत त्यांच्याशी "बोलू नये, विचारू नये, खांद्याला हात लावू नये" हा शिष्टाचार की कट?

आमच्या ग्रुपमध्ये यावर परतीच्या पूर्ण प्रवासात भांडण झालं. समोरून मुद्दा आला तो अपेक्षित होता: प्रत्येक जण प्रौढ आहे, स्वतःच्या पैशाने खेळतो, आपण कोण सांगणारे? ठीक. मी तरी कुठे उपदेश करायला सांगतोय? मी भगवी कफनी घालून बोटीवर कीर्तन करत नाही आहे. मी फक्त एवढंच म्हणतोय की ज्याला ती खुर्ची हवी आहे त्याने "किती वेळ?" असं विचारलं तर त्याला गावंढळ म्हणू नका. थांबणारा हाही प्रौढच आहे आणि त्यानेही प्रवेशाचे पैसे भरलेत.

दुसरा मुद्दा मात्र मला खरोखर झोंबला. "कॅसिनोत येणारा वर्ग वेगळा असतो रे." कोणता वर्ग? मटक्याचा इतिहास काढा. मुंबईत लोक आकडा लावायचे तो न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव काय उघडला आणि काय बंद झाला यावर, तारेने यायचा तो भाव. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद झाल्यावर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मडक्यातून नि पत्त्यांतून आकडे काढायला सुरुवात केली. म्हणजे ज्या कापसाच्या गाड्या घेऊन आमचे आजोबा ओळीत झोपायचे त्याच्याच भावावर तिकडे जुगार. वर्ग वेगळाच होता म्हणायचा! आणि आजही गावात आकडा लावणारा सापडला तर पेपरात 'जुगार अड्ड्यावर छापा' अशी बातमी येते, आपण बोटीत बसलो की तो 'वीकेंड एक्सपीरियन्स'. सापडलेल्याला निदान घरचे, शेजारचे, टपरीवरचे सगळे म्हणतात, "बस कर न बे आता." आपल्याला तेही म्हणणारं कोणी नसतं, कारण आपण सभ्य आहोत.

बरं, खुर्चीचा प्रश्न काही जगात सुटलेलाच नाही असं नाही. जपानमध्ये पाचिंकोच्या दुकानांत जेवायला जायचं असेल तर तिथल्या माणसाला सांगायचं, तो तुमच्या मशीनवर सुट्टीची पाटी लावतो, वेळ घालून. ठरलेली मिनिटं झाली आणि तुम्ही आला नाहीत तर जागा गेली. म्हणजे तोच आमचा रुमाल, वर घड्याळ! अमेरिकेतही काही ठिकाणी कार्डाने मशीन थोडी मिनिटं राखून ठेवता येतं आणि स्क्रीनवर वेळ उलटी मोजली जाते. तिथले लोक याला एस्टी स्टँड म्हणत नाहीत.

आम्ही सहा जणांनी त्या भांडणातून एवढं ठरवलं आहे: पुढच्या वेळी (जाऊच असं नाही, दोघांच्या बायकांनी नकाराधिकार वापरलाय) खुर्ची सोडून गेलं तर जास्तीत जास्त दहा मिनिटं, तीही सोबत्याला सांगून. एका माणसाचं एकच मशीन. कोणी मागे उभं असेल तर अर्ध्या तासाने आपणच वळून विचारायचं, "बसता का?" आणि आपल्यापैकी कोणी दीड तासाच्या वर एका खुर्चीत दिसला, तर बाकीच्यांपैकी कोणीही जाऊन मोठ्याने विचारायचं, "भाऊ, कुठी उतरून रायले?" अनुभवी मित्राने शेवटच्या कलमावर सही केलेली नाही. त्याचं म्हणणं, खेळताना हे ऐकून तो हसेल आणि त्याचा सूर जाईल.